तात्यांची जीप आणि आमचा मिस्त्री

जुनी जीप घ्यायला गेल्यावर आधी किंमत विचारायची नसते. आधी पाऊस विचारायचा. मग भात कसं आहे, मग मुलगा कुठे असतो, मग गुडघे. गुडघ्यांनंतर चहा येतो. बशी खाली ठेवता ठेवता, अंगणातल्या त्या वस्तूकडे जणू आत्ताच लक्ष गेलंय अशा आवाजात म्हणायचं, "ही काढायचीय म्हणे?" पुण्याहून भोरकडे जाताना खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत उभं असताना मिस्त्रीने मला हे सगळं शिकवलं होतं. मी तसंच म्हणालो.

"काढायची असं काय नाय," तात्या म्हणाले. त्यांच्या मुलाने 'अर्जंट विकणे' असं लिहून पाठवलेला फोटो माझ्या खिशातल्या फोनमध्ये होता. आम्ही तिघेही त्याबद्दल गप्प राहिलो.

फोर बाय फोर कशाला हवी, हे मला घरीच नीट पटवता आलं नव्हतं. "चारही चाकांना ताकद मिळते," असं मी म्हणालो. "मग आपल्या गाडीची मागची दोन काय करतात?" "नुसती बरोबर येतात." यावर ही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि विषय संपला.

नवी थार 2020 च्या गांधीजयंतीला बाजारात आली आणि सह्याद्रीतल्या गोठ्यागोठ्यांत विसावलेल्या जुन्या जीपांना एकदम वंशावळ फुटली. कोंबड्या ज्यांच्या सीटवर अंडी घालत होत्या, त्या 'क्लासिक' झाल्या. तात्यांची एमएम 540 अशीच. "इंजिन फ्रान्सचं हाय. प्यूजो. एकवीसशे बारा सीसी, बासष्ट हॉर्सपॉवर." हे त्यांनी आरतीच्या चालीवर सांगितलं आणि त्याच चालीत पुढे म्हणाले, "पावणेचार."

"बासष्टातले वीस-बावीस तर मेले असतील, तात्या," मिस्त्री म्हणाला आणि उठला.

त्याने लगेच गाडी चालू करून बघितली नाही. बॉनेटवर तळहात ठेवला.

"सकाळी कुठं गेला होता?"

"कुठं न्हाय."

"मग बॉनेट का तापलंय?"

"उन्हात उभी हाय."

जीप फणसाच्या गर्द सावलीत उभी होती. जुनं डिझेल इंजिन आपला खरा स्वभाव फक्त थंड असताना दाखवतं. हीटर प्लग गेले असतील तर ते बराच वेळ कण्हतं, पांढरा धूर ओकतं, शेजाऱ्यांना उठवतं. म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी कोणीतरी ते गुपचूप गरम करून ठेवतं. मिस्त्रीने नुसतं "हं" म्हटलं. पण ते "हं" दहा हजारांचं होतं, हे तात्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्याने इंजिन चालू करून ऑइलचं झाकण उघडलं. आतून भसाभस वाफारा आला. "बॅक कॉम्प्रेशन मारतंय." सायलेन्सरमधून निळसर धूर. "ऑइल खातीय." पायाखालचं मॅट उचललं, तर खालची जमीन दिसली. तात्या म्हणाले, "हवा खेळती राहते."

जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या गाड्यांच्या बाजारावर 1970 साली एक निबंध छापला. विकणाऱ्याला गाडीची अंडीपिल्ली ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो आणि मग चांगल्या गाड्या बाजारात येतच नाहीत, असा त्याचा मुद्दा. आधी तीन नियतकालिकांनी हा निबंध साभार परत केला होता. दोघांचं म्हणणं होतं की यात विशेष असं काही नाही. 2001 साली त्याला नोबेल मिळालं. परत करणाऱ्या संपादकांनी कधी जुनी गाडी घेतलेली नसावी. माझ्याकडे मात्र अकरलॉफवर तोडगा होता: मिस्त्री. तात्यांना जे ठाऊक, ते त्यालाही ठाऊक.

तो तोडगा आता गाडीखाली शिरला होता. "साहेब," आतून आवाज आला, "पुढचा शाफ्टच नाय."

इंजिनाची ताकद पुढच्या चाकांपर्यंत नेणारा तो दांडा. तो नसेल तर फोर बाय फोरचा लिव्हर कितीही रुबाबात ओढा, पुढची चाकं, आमच्या घरच्या भाषेत, नुसती बरोबर येतात.

"काढून ठेवलाय," तात्या शांतपणे म्हणाले. "डिझेल लई खाते त्यानं." शाफ्ट कडब्याच्या गंजीवर, प्लॅस्टिक उडू नये म्हणून वजनाला ठेवलेला सापडला. "त्यो पायजे असंल तर त्याचं येगळं बोलू." जीप फोर बाय फोर म्हणून विकायची आणि फोर बाय फोर सुटी विकायची, हा धंदा मला तरी नवा होता. काकू दारातून म्हणाल्या, "मग गंजीवर काय ठेवायचं?" हा खर्च त्यांनी धरला होता, मी धरला नव्हता.

तात्या एके काळी बैलबाजारात दलाली करायचे. दुपार कलली तशी त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, मिस्त्रीचा हात हातात घेतला आणि दोन्ही हातांवर टॉवेल टाकला. बैलांच्या बाजारात भाव असा ठरतो: बोटं दाबून, तोंड मिटून, म्हणजे शेजारच्याला कळू नये. इथे शेजारी मी होतो. टॉवेल हलत होता. मिस्त्री आभाळाकडे बघून मान हलवायचा, तात्या डोळे मिटायचे, पुन्हा टॉवेलखाली खळबळ. पैसे माझे होते आणि एकंदर बोलाचालीत मीच परका होतो. शेवटी टॉवेल निघाला. "दोन पासष्ट," मिस्त्रीने मला सांगितलं, "शाफ्ट धरून." मी होकार दिला, कोणी मागितला होता असं नाही.

कागदपत्रांना वेळ लागला नाही. फॉर्म 29 आणि 30 वर तात्यांनी झोकात सह्या केल्या. पंधरा वर्षं केव्हाच उलटलेली, पासिंग पुन्हा करायचं होतं, आणि त्याची फी 2022 साली 600 वरून 5000 झालेली. ती निम्मी-निम्मी करू, असं मी सुचवलं. तात्या म्हणाले, "ती सरकारची. घासाघीस तिकडं करा."

नोटा मोजून झाल्यावर दुसरा चहा आला. हा साखर जास्त असलेला होता, म्हणजे व्यवहार पक्का. मी मिस्त्रीला ठरल्याप्रमाणे पाचशे रुपये दिले. तात्यांनीही कनवटीतून काढून त्याच्या हातावर हजार ठेवले, माझ्यादेखत, अगदी मोकळेपणाने.

"तुमचे कशाबद्दल?" मी विचारलं.

"गिअरबॉक्सबद्दल कायबी बोलला न्हाय," तात्या म्हणाले. "गुणाचा माणूस हाय."