हाताला गुण, जिभेला गूळ

डॉक्टर निवडताना आपण त्यांची पदवी विचारत नाही. आपण विचारतो, ‘स्वभावाने कसे आहेत?’ ‘अहो, देवमाणूस!’ असं उत्तर आलं की फाईल काखोटीला मारून निघालोच. झी मराठीवर २०२० साली ‘देवमाणूस’ याच नावाच्या मालिकेतला डॉक्टर बोगस आणि वर खुनी निघाला, तरी या प्रशस्तिपत्रकाचा भाव काही उतरला नाही.

देवमाणसाला नाही म्हणता येत नाही. साध्या सर्दीला आपण अँटिबायोटिक मागतो, तो देतो. थकवा आला म्हणून सलाईन मागतो, तो लावतो. सलाईन म्हणून लावलेल्या अर्ध्या लिटरच्या पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम, म्हणजे दोन-तीन कप गोड चहाची. पण चहा पाजून कुणी पाठीवरून हात फिरवत नाही! याउलट ‘काही झालेलं नाही, चार दिवसांत बरं वाटेल’ एवढंच सांगून फी घेणारा डॉक्टर लुटारू ठरतो. गूगलवर त्याला एक तारा, तोही नाइलाजाने.

अमेरिकेत सुमारे ५२ हजार रुग्णांचा एक अभ्यास २०१२ साली छापून आला. डॉक्टरवर सर्वाधिक खूश असलेल्यांचा औषधांवरचा खर्च जास्त, रुग्णालयात भरती जास्त आणि मृत्यूचा धोकाही सर्वांत नाखूश गटापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त. खुशीनेच ते गेले असं यातून सिद्ध होत नाही. पण गेलेल्यांपैकी कुणी तक्रार केली नसावी.

यावरून ‘खेकसतो तोच हुशार’ असा निष्कर्ष काढणारेही आहेत. बहुतेक स्वतः खेकसणारेच. त्यांनी व्हिएन्नातल्या डॉक्टर सेमेलवाइजची गोष्ट वाचावी. १८४७ साली त्याने प्रसूतिकक्षातल्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. आदल्या वर्षी तिथे शंभरात अकरा बाळंतिणी दगावल्या होत्या. पुढच्या वर्षी दीडसुद्धा नाही. पण पुढे या गृहस्थाने विरोधकांना जाहीर पत्रांतून खुनी म्हटलं. आधीच दुखावलेले प्रतिष्ठित डॉक्टर आणखी दुखावले, आणि स्वाभिमान राखण्यासाठी हात न धुताच राहिले. त्या स्वाभिमानाचं बिल बाळंतिणींनी भरलं.

आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसला वागणूक, नीतिमत्ता आणि संवाद शिकवतात. छान आहे. आता रुग्णांसाठीही एक पेपर काढावा. प्रश्न पहिला: डॉक्टर हसून ‘औषधाची गरज नाही’ म्हणाले, तर काय कराल? उत्तर आपल्याला तोंडपाठ आहे: दुसरा डॉक्टर.