वडिलोपार्जित वाळवी

कोकणातलं बंद घर राहतं करायला निघालेल्या मुंबईकराला आधी हे कळतं, की घर बंद नव्हतंच. वाशांत वाळवी, माळ्यावर वटवाघळं, चुलीमागे मुंगूस. सगळे जुने कब्जेदार. सातबाऱ्यावर त्यांची नावं नाहीत, एवढंच. तिथे डझनभर चुलतभाऊ आहेत, पण कौलं परतायला त्यांतला एकही येत नाही. (घर उभं राहिल्यावर हिस्सा मात्र सगळ्यांना आठवतो.)

जांभ्याच्या भिंती शाबूत असतात. खरी मेख वर. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, त्या घाटाची कौलं अजून टिकून आहेत. त्यांना पेलणारं लाकूड मात्र पोकळ. कौल काढलं की रीप हातात येते, रीप काढली की वासा, आणि वाशाचा भाव सांगण्याआधी सुतार खुर्ची मागवतो. मालकासाठी.

महिनाभर धूळ खाऊन, कंबर धरून मालक शेवटी पडवीत टेकतो. चहा घेताना ताजमहाल बांधल्याचा चेहरा. शेजारच्या काकांना विचारतो, "कसं वाटतं घर?"

काका छपराकडे बराच वेळ बघतात. "बरा दिसता. पाऊस पडांदे."