सावधान, विश्राम, समाधान

शारीरिक शिक्षणाचे शिक्षक नोकरीत कितपत समाधानी आहेत, हे मोजायची एम.पी.एड. आणि पीएच.डी.वाल्यांना भारी हौस. प्रश्नावली वाटायची, 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' यांत कुठेतरी खूण करून घ्यायची, सरासरी काढायची, प्रबंध तयार! पीटीचे सर ही प्रश्नावली मैदानावर भरत नाहीत, कारण मैदानावर संस्थाचालकांच्या भाचीच्या लग्नाचा मांडव पडलाय. सर ती दहावी 'ब'मध्ये बसून भरतात. गणिताच्या बाई रजेवर आहेत, आणि रजेवरच्या कोणाच्याही वर्गावर बसण्याची पात्रता बी.पी.एड. होताच अंगी येते. परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणित उसना नेतं, तो मात्र परत आल्याचं कोणी पाहिलेलं नाही.

'माझ्या कामात विविधता आहे.' पूर्ण सहमत! प्रार्थनेच्या रांगा, पोरांचे वाढलेले केस, मधल्या सुट्टीतली मारामारी, गॅदरिंगची बाकडी, मंत्री आले की लेझीम. शिक्षण हक्क कायद्याचं 27वं कलम सांगतं की शिक्षकांना जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक कामं लावू नयेत. पण ही सगळी कामं शाळेच्या आवारातलीच, म्हणजे शैक्षणिकच की! त्याच कायद्यानं सहावी ते आठवीचा पट शंभरावर गेला तर खेळाला निदेशक द्यायला सांगितलाय. अंशकालीन. बाकीचा वेळ मुलांनी शरीर घरी ठेवून यावं, अशी अपेक्षा असावी.

'माझ्या कौशल्याची कदर होते.' इथे सर थबकतात. 25 जानेवारीच्या संध्याकाळी ते झेंड्याची घडी घालतात, आत पाकळ्या भरतात, एका झटक्यात सुटेल अशी गाठ मारतात आणि तीनतीनदा ओढून बघतात. सकाळी गाठ सुटली तर टाळ्या पाहुण्यांना. अडकली, की अख्ख्या शाळेच्या माना सरांकडे.

आणि 15 जानेवारी, राज्य क्रीडा दिन. खाशाबा जाधवांना 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं, हे सांगताना मुख्याध्यापकांचा गळा दाटतो. भाषण संपल्यावर सर दोन व्हॉलीबॉल मागतात. गळा लगेच मोकळा होतो : "वेतनेतर अनुदान आलंय का अजून?"

खरं तर प्रश्नावली चुकीच्या माणसाला दिलीय. पीटीच्या सरांबद्दल मुख्याध्यापक समाधानी आहेत, गणिताच्या बाई समाधानी आहेत, मांडववाला तर अत्यंत समाधानी आहे. पालकांचं समाधान तेवढं दहावीच्या अर्जापर्यंत लांबतं. "खेळून काय पोट भरणारे?" म्हणत पोराला पाच वर्षं क्लासला जुंपणारे वडील सवलतीच्या गुणांचा सुगावा लागताच वर्गाच्या दारात उभे राहतात.

"सर, तेवढं खेळाचं सर्टिफिकेट..."

"कुठला खेळ खेळतो तो?"

"तुम्हीच बघा ना एखादा. जास्त धावपळीचा नको, दम लागतो त्याला."