शाळा सोडली, टेकडी धरली

ऐकलंत का? बी विंगमधल्या त्या दोघांनी पोराला शाळेतून काढलं! चांगली नावाजलेली शाळा, प्रवेशासाठी बापाने ओळखीपाळखी काढून जिवाचं रान केलेलं, आणि आता सरळ दाखला घेऊन मोकळे. पोरगं नापास नाही, भांडखोर नाही, बापाची बदलीही नाही. मग का? तर म्हणे त्याला निसर्गात शिकवायचं आहे. शिव शिव! कोथरूडला राहून!

सकाळी सव्वासातला स्कूलबस भोंगा वाजवते. सगळ्या आया एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात अर्धवट जागं झालेलं मूल घेऊन लिफ्टकडे धावतात. त्याच वेळी हा पठ्ठ्या गळ्यात दुर्बीण अडकवून आईबरोबर वेताळ टेकडीकडे निघतो. तोही हसत! सव्वासातला हसणारं मूल आमच्या इमारतीने आजवर पाहिलं नव्हतं, त्यामुळे संशय जास्तच बळावला.

बरं, निसर्गात जायचं तर चपला घालाव्यात आणि जावं. तसं नाही. आधी सामान आलं. भिंग, गमबूट, मानेवर झालर सोडलेली टोपी, पानं दाबून ठेवायची लाकडी चौकट, जलरंगांची परदेशी पेटी. शेवटी ‘मड किचन’ आलं. हे म्हणजे छोटा लाकडी ओटा आणि वर दोन पातेली. त्यात मुलांनी चिखल कालवायचा! आमच्या पार्किंगमध्ये जून ते सप्टेंबर चिखल फुकट असतो, आणि तो घरात आणला म्हणून आमच्या पिढीने पाठीत धपाटे खाल्लेत. आता त्याच चिखलासाठी कुरिअरवाला सही मागतो.

पुढचं ऐका. फ्रिजवर एक तक्ता चिकटवलाय. अमेरिकेतल्या एका आईने ही टूम काढली. मुलाने वर्षाला हजार तास घराबाहेर काढायचे आणि तासागणिक एकेक चौकोन रंगवायचा. हिशेब केला तर रोजचे पावणेतीन तास होतात. वेळापत्रक नको, हजेरी नको म्हणून शाळा सोडली, आणि स्वयंपाकघरात हजेरीपट टांगला! जुलैत संततधार लागली तेव्हा चौकोन मागे पडले म्हणून ही माउली पोराला रेनकोट घालून गच्चीवर उभी करत होती. वॉचमन वर येऊन विचारून गेला, सगळं ठीक आहे ना म्हणून.

या मंडळींचं दैवत कोण, तर शार्लट मेसन नावाच्या इंग्लिश बाई. १८८६ साली त्यांनी ‘होम एज्युकेशन’ हे पुस्तक लिहिलं. त्यात हवा बरी असेल त्या प्रत्येक दिवशी मुलांना चार ते सहा तास बाहेर ठेवा, असा सल्ला आहे. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं, मूलबाळही नव्हतं. (हे मी नुसतं कानावर घालते, माझं काही म्हणणं नाही.) इंग्लंडात ठीक आहे हो. पुण्यात एप्रिलमध्ये भर दुपारी सहा तास वेताळ टेकडीवर ठेवलं तर पोराचा पापड होईल.

आता नातेवाईक. त्यांना एकच परीक्षा ठाऊक, पाढे. आजोबांनी गणपतीत त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. “सतरा साते?” पोरगं गप्प. आजोबांनी विजयी मुद्रेने सभोवार पाहिलं आणि विषय बदलावा म्हणून म्हणाले, “बरं, टेकडीवर मृगाचा किडा पाहिलास का?” पोरगं म्हणालं, “तो किडा नाहीच आजोबा. त्याला आठ पाय असतात. तो कोळ्याच्या नात्यातला.” सगळे गप्प. काकूंनी मोदक वाढायला घेतले.

पण खरा कहर झाला तो कढीपत्त्यावरून. आमटी उकळत होती आणि आजी बाल्कनीत डहाळी तोडायला गेल्या, तर हा कुंडीपुढे हात पसरून उभा! पानावर अळी होती. लहान असताना ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसत होती, म्हणून कोणाच्या लक्षात आली नाही. आता चांगली हिरवीगार, बोटभर. आजींनी काडीने डिवचलं तर डोक्यातून शेंदरी, दुभंगलेली शिंगं बाहेर आली आणि असा उग्र वास सुटला की आजी दोन पावलं मागे. पुढे कोष झाला. तोवर घरात फोडणीला कढीपत्ता नाही. शेजारून मागून आणायचा! एके दिवशी सकाळी फुलपाखरू बाहेर आलं, पंख वाळेपर्यंत कुंडीच्या काठावर बसून राहिलं. ते उडताना पाहायला हीच आजी वरच्या मजल्यावरच्या तिघींना बोलावून घेऊन आली होती. मीही गेले होते, उगाच खोटं का बोलू?

कायद्याचं काय, असं आमच्या सेक्रेटरींनी विचारून पाहिलं. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं त्यात म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. घरी शिकवण्याबद्दल तर अवाक्षर नाही. दहावी मुक्त विद्यालयातून देता येते, चौदा वर्षं पूर्ण हवीत. सेक्रेटरी हिरमुसले. आमच्या वॉचमनच्या पोराने मात्र शाळा सोडली तर त्याची नोंद ‘शाळाबाह्य’ म्हणून होईल आणि सर्वेक्षणवाले दारात येतील. बी विंगच्या दारात अजून कोणी आलेलं नाही.

आणि निसर्गात शिकवण्यात नवीन काय आहे? ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली मुलं शाळेत येत नव्हती, गुरं राखायला जात होती. मग अनुताई वाघ आणि ताराबाईंनी कुरणशाळा काढली. गुरं जिथे चरतात तिथे शिक्षिका गेली. शिंपले, बिया, खडे हेच साहित्य. कुरिअर नाही, तक्ता नाही. पण तिथे पगारी शिक्षिका होती, हे विसरू नका. मुलांच्या आयांना घरचं आणि शेतातलं काम टाकून शिकवायला बसवलं नव्हतं.

बी विंगमध्ये शिक्षिका कोण? आई. तिने आयटीतली नोकरी सोडली. पक्षी तीच दाखवते, अपूर्णांक तीच शिकवते, डबा तीच भरते, चौकोन तीच मोजते, आणि “याचं पुढे काय होणार?” याचं उत्तरही सासरी-माहेरी तीच देते. शाळेत याच कामाला सात शिक्षक, एक शिपाई आणि मे महिन्याची सुट्टी असते. मे महिन्यात ही टेकडीवर असते, बहावा फुललाय म्हणून. बाबांचा सहभाग म्हणाल तर त्यांनी ‘आम्ही शाळा का सोडली’ यावर फार सुंदर भाषण केलं, सोसायटीच्या वार्षिक सभेत. टाळ्याही पडल्या.

पोराची मला चिंता नाही, तो शिकतोय. पाढेही येतील. पण पुढच्या सभेत बाबा पुन्हा बोलायला उभे राहिले तर कोणीतरी हात वर करा आणि विचारा, शनिवार-रविवारचे तास कोण घेतं?