बावन्न वजा सत्तावीस

मुलीच्या अभ्यासाची वाटणी झाली तेव्हा गणित मी मागून घेतलं. दहावीला मला गणितात चांगले मार्क होते हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, कारण ते मीच सांगत असतो. त्यात पालकसभेत बाई म्हणाल्या, "घरी नुसतं घोकून घेऊ नका, हाताळायला वस्तू द्या." मटारचे दिवस होते. मी परात पुढ्यात ओढली आणि बावन्न दाणे मोजून ताटलीत काढले.

"हे किती?"

"पन्नास दोन."

"बावन्न म्हण."

"तेच ना ते?"

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात संख्यांचं असं वाचन आलं, तेव्हा गणितज्ञ मंगला नारळीकर त्यामागचं कारण समजावून सांगत होत्या आणि मी नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मराठी बुडाल्याचे मेसेज फॉरवर्ड करत होतो. (कारण वाचायला सवड कुणाला होती?) आता मुलगी ‘पन्नास दोन’ म्हणता म्हणता दहा-दहा दाण्यांच्या पाच ढिगल्या करून उरलेले दोन बाजूला ठेवत होती. मी तिकडे काणाडोळा केला आणि थेट वजाबाकीला हात घातला. सत्तावीस घालवायचे.

"दोनातून सात जात नाहीत. म्हणून वर दहा द्यायचे, झाले बारा. खाली दोनात हातचा एक, झाले तीन. बारातून सात गेले, पाच. पाचातून तीन गेले, दोन. पंचवीस!"

तिनं ताटलीकडे पाहिलं. "वरचे दहा कुठून आणलेस?"

"घेतले."

"कुणाकडून? आमच्या बाई दशक सुटा करतात." तिनं एक ढिगली मोडून त्या दोन दाण्यांत मिसळून दाखवली. "आणि खाली एक का वाढवलास?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. "तशी रीतच आहे," असं मी म्हणालो, मग तेच जरा मोठ्यानं म्हणालो. आवाज चढवला की रीत पटते असा आमच्या गुरुजींचा अनुभव होता. अर्थात त्यांच्या हातात छडी असायची.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "अरे, तू अडतीसचा, ती सातची. कितीनं मोठा?"

"एकतीस."

"आणि दहा वर्षांनी?"

"मी अठ्ठेचाळीस, ती सतरा… एकतीसच."

"मग? वरच्याला दहा दिले तर खालच्यालाही दहा द्यायला नकोत का? वर दहा सुटे दिलेस, खाली एक दशक दिलास. फरक तेवढाच राहतो."

आई सातवीपर्यंत शिकली आहे. दहावीच्या मार्कांचा विषय मी त्या दिवशी काढला नाही.

पडताळा म्हणून दाणे मोजायचं ठरलं. सत्तावीस बाजूला काढले, उरले एकवीस. मुलगी माझ्या तोंडाकडे बघू लागली. शिकवताना काहीतरी चघळत राहायची मला सवय आहे.

घरात अब्रू गेल्यावर मी तिला मंडईत नेलं, म्हटलं व्यवहारातलं गणित बघू दे. भाजीचे त्रेसष्ट झाले. मी शंभराची नोट दिली आणि तिला सांगितलं, "थांब, मी तोंडी करून दाखवतो." शून्यातून तीन जात नाहीत. शेजारी पाहावं तर तिथंही शून्य. कुणीतरी कुणाला तरी दहा दिले, हातचा कुठल्या घरात ठेवला ते विसरलो आणि ठणकावून म्हणालो, "सत्तेचाळीस!"

"देते की. वरचे दहा तुम्ही घालणार का?" असं म्हणत भाजीवाल्या मावशींनी मुलीच्याच तळहातावर एकेक ठेवायला सुरुवात केली. दोनाचं नाणं, "पासष्ट." पाचाचं, "सत्तर." मग दहाच्या तीन नोटा: "ऐंशी, नव्वद, शंभर." मावशींनी वजाबाकी केलीच नव्हती. त्रेसष्टावरून शंभरापर्यंत त्या नुसत्या चालत गेल्या होत्या.

घरी येताच मुलीनं वही उघडली. सत्तावीसला तीन घातले, तीस. वीस घातले, पन्नास. दोन घातले, बावन्न. तीन, वीस, दोन: पंचवीस. एकाच उदाहरणाखाली तिनं तीन रकाने आखले आणि वर नावं घातली: बाई, आजी, मावशी.

"आणि मी?"

"तुझ्यात उत्तर एकवीस येतं ना, बाबा."

पुढच्या आठवड्यात वहीत बाईंचा लाल शेरा आला: ‘एकच वजाबाकी तीन रीतींनी करते. पालक घरी फार छान घेतात.’ खाली पालकांच्या सहीसाठी जागा होती. मी पूर्ण नाव लिहून सही केली.