चि. सवलत हीस, जिथे असशील तिथून निघून ये

प्रति,
चि. ज्येष्ठ नागरिक सवलत,
मुक्काम पोस्ट : रेल्वे मंत्रालयासच ठाऊक

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील समस्त ज्येष्ठ मंडळींचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, 20 मार्च 2020 रोजी तू जी घराबाहेर पडलीस ती आजतागायत परतलेली नाहीस. साथीचे दिवस होते. म्हाताऱ्या माणसांनी उगीच हिंडू नये म्हणून तुला लांब ठेवत आहोत, असे तेव्हा सांगण्यात आले. विद्यार्थी, दिव्यांग आणि रुग्ण यांच्या सवलती घरातच राहिल्या, तू तेवढी गेलीस. पुढे साथ ओसरली, मास्क उतरले, महालक्ष्मी एक्स्प्रेस पूर्वीसारखी रोज रात्री कोल्हापूर सोडू लागली. म्हातारी माणसे मात्र अजूनही उगीचच हिंडतात, असा रेल्वेचा समज दिसतो.

तुझे वर्णन पेठेला तोंडपाठ आहे. पुरुषाने साठी ओलांडली की मूळ भाड्यात 40 टक्के सूट, बाईने 58 वर्षे पूर्ण केली की 50 टक्के. वेगळे कार्ड नको, वर्षाची फी नको, अर्ज नको. खिडकीवरच्या फॉर्मवर वय लिहायचे आणि प्रवासात वयाचा पुरावा जवळ ठेवायचा. आयुष्यभर वय चोरणारी माणसेही त्या एका रकान्यात खरे बोलत.

तू गेल्यावर पेठ काही हात बांधून बसली नाही. निवृत्ती चौकात रोज संध्याकाळी जमणाऱ्या तात्यांचा पुतण्या लंडनला असतो. त्याने फोनवर तुझ्या विलायती मावसबहिणीची खबर दिली. ‘तात्या, हितं साठी झाली की सीनियर रेलकार्ड मिळतंय. वर्साला 35 पौंड भरायचं, मग बहुतेक तिकिटावर एक तृतीयांश सूट. आन् तिकीट तोडून काढलं तर आणि स्वस्त!’ तिकीट तोडणे म्हणजे एकाच गाडीच्या एकाच प्रवासाची दोन-तीन तुकड्यांत तिकिटे काढणे. ब्रिटनमध्ये भाडे सरळ किलोमीटरवर ठरत नाही. मार्ग, वेळ आणि कंपनी यांनुसार ते कुठे फुगते, कुठे बसते. त्यामुळे तुकड्यांची बेरीज कधी कधी सलग तिकिटापेक्षा कमी भरते. जिथे तिकीट तोडले त्या स्थानकावर गाडी थांबत असली की झाले, ते तिथल्या नियमांत चोख बसते.

तात्यांनी लगेच कोल्हापूर-मुंबई तोडायला घेतले.

अंतर सुमारे 518 किलोमीटर, त्यातले पुणे ते मुंबई 192. आपल्याकडे भाडे अंतरावर बसते आणि अंतर वाढेल तसा दर किलोमीटरमागे उतरत जातो. घाऊक माल किरकोळीत घेतला तर महागच पडणार. शिवाय प्रत्येक तुकड्याला आरक्षण शुल्क निराळे : स्लीपरला 20 रुपये, थर्ड एसीला 40. खरी मेख तर पुढेच आहे. थर्ड एसीत निदान 300 किलोमीटरचे भाडे द्यावेच लागते, म्हणजे पुणे-मुंबईच्या 192 किलोमीटरना 300 चे पैसे. एवढा खटाटोप करून हाती काय, तर दोन पीएनआर, दोन बर्थ आणि पहाटे पुण्यात चादर काखोटीला मारून दुसऱ्या डब्यात स्थलांतर. तात्यांच्या घरच्या काकूंनी हिशेब ऐकला आणि विचारले, ‘लंडनला गुडघे दुखत न्हाईत काय कुणाचं?’

मग कुणीतरी नियमपुस्तकातला दुसरा दागिना शोधून काढला. तिकीट 500 किलोमीटरच्या वरचे असेल तर वाटेत एकदा उतरून दोन दिवस मुक्काम करता येतो आणि त्याच तिकिटावर पुढे जाता येते. 518 म्हणजे बसले की नियमात! पुण्यात लेकीकडे दोन दिवस राहायचे, मग मुंबई. आनंद फार टिकला नाही. पहिला मुक्काम 500 किलोमीटर कापून झाल्यावरच करता येतो, ही अट खाली होतीच. कोल्हापूरहून निघून 500 किलोमीटर पुरे होतात तेव्हा गाडी दादरला आलेली असते. तेव्हा चि. सवलत, मुंबईला जाणाऱ्या पेठकराला सरकारमान्य विश्रांती घ्यायचीच असेल, तर ती दादरला, म्हणजे मुक्कामाच्या नऊ किलोमीटर अलीकडे!

लांब पल्ल्याला मात्र रेल्वेकडे खरोखर एक चांगली चीज आहे आणि ती फारशी कुणाला सांगितली जात नाही. चक्राकार प्रवासाचे तिकीट : एका स्थानकावरून निघायचे, फिरत फिरत तिथेच परतायचे, वाटेत आठ ठिकाणांपर्यंत उतरायचे. सगळे अंतर एकत्र धरल्याने उतरत्या दराचा लाभ मिळतो. हरिप्रिया एक्स्प्रेसने तिरुपतीला जायचे, तसेच दक्षिणेतली आणखी देवस्थाने करायची आणि परत येऊन अंबाबाईपुढे उभे राहायचे, अशी यात्रा करणाऱ्यांसाठी हे तिकीट जणू बेतूनच काढले आहे. फक्त ते मोबाइलवर दोन बटणे दाबून हाती येत नाही. मार्ग लिहून रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडे अर्ज करावा लागतो. पूर्वी अशा मोठ्या फेरीवर तूही सोबत असायचीस. आता देवस्थाने तेवढीच आहेत, सोबत नाही.

रोज मिरजेला जाणाऱ्यांचे बरे आहे. मासिक पासाला साधारण 15 एकेरी फेऱ्यांचे पैसे पडतात. 2014 साली हा हिशेब 30 फेऱ्यांवर न्यायचे घाटत होते, ओरड झाली आणि निर्णय मागे घेतला गेला. पण पास रोजच्या माणसासाठी असतो. नातवाच्या बारशाला कुणी महिनाभर रोज जात नाही.

तुझी धाकटी चुलत भावंडे एसटीत कशी नांदतात, तेही तुला कळवा म्हणतात सगळे. 65 ते 75 वयाच्या प्रवाशाला अर्धे तिकीट. 26 ऑगस्ट 2022 पासून 75 च्या पुढच्यांना फुकट. 17 मार्च 2023 पासून बायकांना वयाची अट न ठेवता अर्धे तिकीट. शिवाय ‘आवडेल तेथे प्रवास’ नावाचा चार किंवा सात दिवसांचा पास आहे, तो घ्या आणि महाराष्ट्रभर हिंडा. ज्या महामंडळाच्या तोट्याच्या बातम्या वाचत पेठ म्हातारी झाली, त्याला हे जमते, कारण सवलतीची भरपाई राज्य सरकार करते. तात्या 76 वर्षांचे आहेत. पुण्यापर्यंत ते एसटीने फुकट जातात, काकू अर्ध्या तिकिटात. रेल्वेत दोघांनाही पंचविशीतल्या तरुणाचा मान मिळतो.

आणि अलीकडे पेठेचा सगळ्यात मोठा रेल्वेखर्च कुणी वाचवला, ठाऊक आहे? मुंबई उच्च न्यायालयाने. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले आणि तारखेसाठी मुंबई गाठण्याची पिढ्यान् पिढ्यांची वारी थांबली. चाळीसेक वर्षांच्या मागणीनंतर का होईना, तिकीटच काढावे लागू नये ही सवलत मिळाली.

आता तुझ्या घरच्यांची बाजू. रेल्वेच्या तिकिटावर एक ओळ छापलेली असायची : तुमच्या भाड्यातला 43 टक्के भार देशातले सामान्य नागरिक उचलतात. काकूंनी ती चष्मा लावून वाचली होती. ‘सामान्य नागरिक म्हंजे कोण? मीच की. मग माझा भार मीच उचलत्या न्हवं?’ रेल्वेमंत्र्यांनी डिसेंबर 2024 मध्ये संसदेत सांगितले की 100 रुपयांच्या प्रवासाला 54 रुपयेच घेतले जातात. 2022-23 मध्ये प्रवाशांना दिलेले अनुदान 56,993 कोटी रुपये होते. म्हणजे प्रत्येकालाच 46 टक्के सूट आहे, वेगळी कशाला? युक्तिवाद बिनतोड वाटतो. फक्त 2020 पूर्वीही भाडे खर्चापेक्षा कमीच होते, आणि तरीही तू होतीस. दोन्ही सवलती एका घरात सुखाने राहत होत्या.

मध्यंतरी तुला स्वखुशीने सोडून देण्याचे आवाहनही झाले होते. ज्यांना परवडते त्यांनी आधी पूर्ण, पुढे निम्मी सवलत सोडावी, असा पर्याय आरक्षणात दिला होता. काहींनी सोडलीही. मग 2020 ने न सोडणाऱ्यांनाही दानशूर केले. माहिती अधिकारातून बाहेर आलेल्या आकड्यांनुसार मार्च 2020 ते फेब्रुवारी 2025 या काळात तुझ्या गैरहजेरीमुळे ज्येष्ठांकडून सुमारे 8,900 कोटी रुपये जादा जमा झाले. या दानाची पावती मात्र कुणालाही मिळालेली नाही.

तू सगळ्या डब्यांत परत यावीस, असा पेठेचा हट्ट नाही. ज्याला फर्स्ट एसी परवडतो त्याने पूर्ण भाडे द्यावे, यावर निवृत्ती चौकात एकमत आहे, आणि तिथे एकमत होणे ही साधी गोष्ट नाही. संसदेच्या रेल्वेविषयक स्थायी समितीनेही राधामोहन सिंह यांच्या अध्यक्षतेखाली हेच सुचवले होते : निदान स्लीपर आणि थर्ड एसीतल्या ज्येष्ठांचा सहानुभूतीने विचार व्हावा. तेव्हा अर्धीमुर्धी का होईना, पण ये.

कळावे, लोभ असावा.

आपले आशीर्वादेच्छुक नव्हे, आशीर्वाद देणारे,
निवृत्ती चौक परिसरातील ज्येष्ठ प्रवासी

ता. क. : हे पत्र वाचणाऱ्या समवयस्कांसाठी. तिकीट तोडू नका, सलग काढा. साठीचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या बायका यांच्यासाठी खालच्या बर्थचा कोटा अजून शाबूत आहे. तो एकट्याने किंवा दोघांनी प्रवास करताना लागू होतो, म्हणून सगळ्या गोतावळ्याचे तिकीट एकत्र काढू नका. आगाऊ आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडते, ती तारीख कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.