गूफीची दर्शनबारी

पहाटे अडीचला माणूस उठतो तो काकडआरतीला, नाहीतर विमान पकडायला. मला भाचीने फ्लॉरिडात उठवलं ते धावायला. वॉल्ट डिस्ने वर्ल्डची जानेवारीतली अर्धमॅरेथॉन पहाटे पाचला एपकॉटपासून सुटते, मॅजिक किंगडममधल्या सिंड्रेलाच्या किल्ल्यातून आरपार जाते आणि 21 किलोमीटर भरून परत एपकॉटला येते. अंधारात माझ्या डावीकडे मिशीवाली हिमगौरी उभी होती, उजवीकडे एक पीटर पॅन गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळत होता. माणसाच्या वेषात मी एकटाच, त्यामुळे लोक माझ्याकडे वळून वळून बघत होते.

भाची 'डोपी चॅलेंज'वाली. चार दिवसांत 5, 10, 21 आणि 42 किलोमीटर. डोपी म्हणजे हिमगौरीच्या सात बुटक्यांतला बावळट; नाव ठेवणाऱ्याने कुणाची भीड ठेवलेली नाही. "मामा, आपण वेळ लावायला आलेलो नाही," तिने बजावलं. "फोटो काढायला आलोय."

रस्त्याच्या कडेला जागोजागी डिस्नेची पात्रं उभी असतात. धावता धावता थांबायचं, रांग धरायची, पात्राच्या गळ्यात हात टाकून फोटो काढायचा आणि पुन्हा पळायचं. घड्याळ मात्र कुणासाठी थांबत नाही. नियम मैलाला 16 मिनिटांचा, म्हणजे किलोमीटरला जेमतेम 10. सगळ्यांच्या मागून फुगे बांधलेल्या बायका याच चालीने येत असतात. त्यांच्या मागे पडलेल्याला गाडीत बसावं लागू शकतं. फुगे दिसले की धावत सुटायची सवय मला लहानपणापासून आहे, फक्त दिशा उलटी होती.

माझी चाल किलोमीटरला 8 मिनिटं. म्हणजे दर किलोमीटरला दोन मिनिटं गाठीला, आणि ती उधळायची गूफीवर! धावणारे तुकड्यातुकड्यांनी सुटतात आणि फुगेवाल्या सगळ्यांत शेवटी, त्यामुळे पुढच्या तुकड्यांतल्यांची मधली मिनिटं आयतीच जमा असतात. आम्ही अगदी शेवटच्या तुकडीत, म्हणजे हातावर पोट. चार किलोमीटरांत आठ मिनिटं साठवली आणि गूफीच्या रांगेत उभे राहिलो. पुढे पंचवीसेक जण. प्रत्येकाचे तीन फोटो: एक एकट्याचा, एक मैत्रिणीबरोबर आणि एक, आधीच्यात डोळे मिटले म्हणून. भाचीला घाई नव्हती. उद्या 42 धावायचे होते, तेवढाच पायांना आराम.

रांगेत माणसाला पंढरपूर आठवतं. तिथे पदस्पर्शाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी. ज्याला तेही जमत नाही तो कळसाला हात जोडून वाटेला लागतो, आणि त्याचं पुण्य कमी धरत नाहीत. गूफीचंही असंच करावं. गळाभेटवाल्यांची रांग एका अंगाला. दुसऱ्या अंगाला गूफीला चौथऱ्यावर उभा करावा आणि फोटोवाल्याला समोर शिडीवर चढवावं. आपण मधून हात हलवत पळत जायचं. गळाभेटवाल्यांनाही लग्नाच्या स्टेजवर घेतात तसं आठ-आठच्या घोळक्याने घ्यावं. स्टेजवर नाही का, वराची मावशी आणि वधूच्या ऑफिसातले लोक एकाच फोटोत मावतात? शिवाय रांगेच्या शेपटाशी 'येथून 12 मिनिटे' अशी पाटी हवी. म्हणजे ज्याच्या गाठीला आठच आहेत तो फशी पडणार नाही.

ही योजना मी भाचीला सांगितली. मागच्या हिमगौरीला माझ्या इंग्रजीत सांगितली. तिने मिशीवरचा घाम पुसत मान डोलावली आणि माझ्या खांद्यावरून मागे बोट दाखवलं.

अंधारात फुगे हलत होते.

"मामा, पळ!"

"आता तिघंच राहिलेत गं!"

"मुखदर्शन घे आणि चल!"

पळता पळता मी फोन उंच धरून बटण दाबलं. गूफीने दोन्ही हात हलवले, हे मी स्वतः पाहिलं. फोटोत अर्ध्या भागात माझा अंगठा आहे. उरलेल्या अर्ध्यात फुगे अतिशय सुरेख आले आहेत.